बारा व्होल्टचं घर

आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये शेगडीवरच्या धुराड्याशेजारी एक अरुंद काळी पट्टी होती. तिच्यावर चार इवले दिवे आणि एक बटण. बटण दाबलं की बॅटरीत किती दम उरलाय ते दिवे सांगायचे. चारही लागले तर भरलेली, तीन लागले तर ठीक, दोन लागले तर जपून, एकच लागला तर आता आवरा. निदान पट्टीवर लिहिलेलं तरी तसंच होतं. प्रत्यक्षात गाडीमागून ओढत आणलेला ट्रेलर तळावर उभा केल्या केल्या चार दिवे लागायचे आणि दिवेलागणीनंतर तासाभरात दोनावर यायचे. नुकत्याच चार्ज होत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज काही काळ फुगलेला असतो. थोडा भार पडला की तो फुगवटा ओसरतो आणि खरी स्थिती कळते. चार दिव्यांच्या पट्टीला हा फरक कळणं शक्यच नव्हतं.

आताच्या ट्रेलरमध्ये पलंगाखाली बॅटरीच्या ऋण टोकाला शंट नावाचा पितळी ठोकळा जोडलेला आहे. आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रत्येक अँपिअर त्याच्यातून जातो आणि मोजला जातो. अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर दिसतं : ८६ टक्के शिल्लक, सध्याचा खर्च ३.१ अँपिअर, या दराने दोन दिवस पुरेल. त्या चार दिव्यांपासून या आकड्यांपर्यंत येताना आमच्या प्रवासातल्या रात्री पार बदलून गेल्या. हिशेब मात्र तोच राहिला, आणि मला त्या हिशेबाबद्दलच सांगायचं आहे.

आम्ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्सला आलो. ॲरिझोनातलं हे शहर वाळवंटात आहे; जून-जुलैत दुपारचा पारा बहुतेक दिवस ४० अंशांच्या खाली यायला तयार नसतो. शनिवार-रविवारी इथली माणसं उत्तरेला डोंगरात पळतात. दोन तास गाडी हाकली की मोगियॉन रिमचा कडा लागतो. सात-साडेसात हजार फूट उंची, पाँडेरोसा पाइनचं अफाट जंगल आणि रात्री पांघरूण लागेल अशी हवा. हॉटेलं परवडायची नाहीत आणि तंबूत जमिनीवर झोपलं की सासूबाईंचे गुडघे धरायचे. म्हणून एका निवृत्त जोडप्याकडून सत्तरच्या दशकातला जुना ट्रेलर घेतला. एक पलंग, टेबल उतरवून होणारा दुसरा पलंग, तीन बर्नरची शेगडी, बेसिन आणि प्रोपेनवर चालणारा फ्रिज. भिंतीवर एक गॅसबत्तीसुद्धा होती. तिची मँटलची जाळी एकदा जळून राख झाली की तशीच पांढरी उभी राहायची आणि सुंदर उजेड द्यायची. पण खडबडीत रस्त्याचा एक हिसका बसला की तिची पूड. दर मुक्कामाला नवी जाळी बांधायची, काडी लावायची आणि मुलांना म्हणायचं, दार आपटू नका रे.

एवढ्याशा खोलीत विजेच्या दोन वाटा असतात, हे आधी आमच्या गावीही नव्हतं. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा हे सगळं बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीवर चालतं. भिंतीतले प्लग, मायक्रोवेव्ह आणि छतावरचा एसी हे तळावरच्या खांबातून येणाऱ्या १२० व्होल्ट एसीवर. दोन्हींच्या मध्ये कन्व्हर्टर बसतो : तो खांबाची वीज घेऊन तिचे १२ व्होल्ट करतो आणि बॅटरी भरतो. याच्या उलटं काम करतो तो इन्व्हर्टर. भारनियमनाच्या दिवसांत सांगली-साताऱ्याकडे घरोघर जी पेटी आली, तिच्यात ही दोन्ही कामं एकत्र असतात, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. व्होल्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची, अँपिअर म्हणजे नळाची धार आणि अँपिअर-तास म्हणजे टाकीत मावणारं पाणी, एवढं धरून चाललं की पुढचं सगळं उलगडतं. खांबावरचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टने ३,६०० वॅट देऊ शकतो. तेवढीच ताकद १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर ३०० अँपिअर लागतील आणि तार अंगठ्याएवढी जाड. ट्रेलरमधली निम्मी भांडणं या एका गुणाकारातून निघतात.

जुना कन्व्हर्टर पलंगाखाली रात्रभर गुणगुणायचा. तो बॅटरी भरायचा खरा, पण कुठे थांबायचं ते त्याला कळत नसे. ट्रेलर घरी खांबाला जोडून ठेवला की एकाच व्होल्टेजने तो आठवडेच्या आठवडे बॅटरी शिजवत राही, पाणी उडून जाई आणि आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडत. दर महिन्याला झाकणं काढून टॉर्चने आत बघायचं आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हे काम आमच्याकडे ह्यांचं होतं. आजचे चार्जर टप्प्याटप्प्याने चालतात : आधी जोरात, मग बेताने, शेवटी नुसतं राखण. त्या झाकणांची आठवण मला अजिबात येत नाही. ॲसिडचा थेंब उडून भोकं पडलेल्या जीन्स मी पुष्कळ फेकल्या आहेत.

खरी कसोटी रात्री लागायची. रिमवर वनखात्याचे जे तळ आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी विजेचा खांब नाही. जे काय आहे ते बॅटरीत. आमची एकच शिसे-ॲसिडची बॅटरी, साधारण ८० अँपिअर-तासांची. ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाती ४० च. आता खर्च बघा. छतावरच्या दिव्यात गाडीच्या टेललाइटसारखे दोन काचेचे बल्ब, प्रत्येकी जवळजवळ दीड अँपिअर. चार तास एक दिवा लावला की १२ गेले. फर्नेस जळते प्रोपेनवर, पण गरम हवा खोलीत ढकलायला तिला पंखा लागतो आणि तो ७-८ अँपिअर ओढतो. ऑक्टोबरच्या थंडीत दहा तासांतला निम्मा वेळ तो चालला तरी ३५-४० अँपिअर-तास संपले. म्हणजे रात्रीची पुंजी एकट्या पंख्यालाच लागायची. दिव्याला काय उरणार?

सासूबाई सांगलीहून सहा-सहा महिन्यांसाठी यायच्या. हा हिशेब त्यांना कुणी शिकवला नाही. त्यांच्या हाताला तो होताच. जेवणं झाली, भांडी विसळली की त्या म्हणायच्या, "अगं, एका दिव्यात भागतंय की. तो पलीकडचा मालव." मी म्हणायचे, "आई, मुलं वाचतायत अजून." "मग त्यांना म्हणावं, इकडे येऊन वाचा." आणि सगळेच एका दिव्याखाली जमायचे. त्यांच्या डाव्या हाताला मुलगी, उजव्या हाताला मुलगा, समोर ह्यांचे पत्ते. आज प्रत्येक पलंगाशी एलईडीचा स्वतंत्र दिवा आहे आणि चारही लावले तरी जुन्या एका बल्बहून कमी खर्च होतो. सोय म्हणून ती उत्तमच आहे. पण चार डोकी एका दिव्याखाली आणणारं कारण नाहीसं झालं, हेही मला दिसतं. आता ते काम बोलावून करावं लागतं आणि मी ते करते.

पहाटे तीन-चारच्या सुमारास एक प्रकार व्हायचा. फर्नेसचा पंखा सुरू व्हायचा, पण आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. झडपेतून वारा यायचा तो थंडगार. ज्वाला पेटलीच नाही. याचं कारण समजल्यावर मला त्या यंत्राबद्दल आदर वाटला. फर्नेसच्या हवेच्या वाटेत पत्र्याची एक हलकी पाकळी असते, तिला सेल स्विच म्हणतात. पंख्याचा झोत पुरेसा असला तर ती उचलली जाते, स्विच जुळतो आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, पाकळी उचलली जात नाही आणि गॅस बंदच राहतो. पुरेशी हवा खेळत नसताना ज्वाला पेटू नये म्हणून केलेली ही खबरदारी. आमच्या जुन्या फर्नेसमध्ये मात्र पंखा तसाच फिरत राही आणि उरलीसुरली बॅटरीही पिऊन टाकी. मग उठायचं, थर्मोस्टॅट बंद करायचा, मुलांवर आणखी एक रजई टाकायची आणि उजाडायची वाट बघायची.

सकाळी उपाय दोनच. गाडीचं इंजिन चालू करून सात पिनांच्या केबलमधून बॅटरी भरायची. ती तार इतकी बारीक आणि लांब की तासभर पेट्रोल जाळून हाती चार-सहा अँपिअर-तास लागायचे. नाहीतर जनरेटर. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मेदर नावाचा मोठा तळ आहे, पाइन आणि जुनिपरच्या झाडीत. तिथेही विजेचे खांब नाहीत. जनरेटरला परवानगी ठरावीक तासांतच असायची आणि ती वेळ झाली रे झाली की झाडीत सगळीकडून दोऱ्या ओढल्याचे आवाज, मग एकामागून एक इंजिनं, पेट्रोलचा निळसर धूर. जगातलं एक मोठं आश्चर्य मैलावर आणि आपण कॉफी पिताना एकमेकांशी ओरडून बोलतोय! नव्वदच्या दशकाच्या शेवटी इन्व्हर्टर जनरेटर आले, ते पुष्कळ शांत होते. तरी आवाज तो आवाजच. सोलरने आम्हांला सर्वांत मोठं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी विजेचं नाव आधी घेणार नाही. सकाळची शांतता परत दिली, असं म्हणेन.

सोलर आम्ही पहिल्यांदा जवळून पाहिला तो क्वार्टझाइटला. फिनिक्सहून कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या महामार्गावर, वाळवंटातलं छोटंसं गाव. हिवाळ्यात मात्र कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतून हजारो ट्रेलर तिथे उतरतात. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने १९८३ पासून तिथल्या मोकळ्या माळावर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत अल्प शुल्कात राहू देण्याची सोय केली. वीज नाही, सावली नाही, ऊन मुबलक. अशा जागी सोलर रुजला नसता तरच नवल. शहरातल्या घरांच्या छपरांवर पॅनेलं दिसू लागण्याच्या कितीतरी आधी या निवृत्त माणसांच्या ट्रेलरांवर ती होती.

आमच्या शेजारी टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले एक आजोबा मुक्कामाला असायचे. त्यांच्या छतावर दोन पॅनेलं होती, तपकिरी झालेली, चहाचे डाग पडल्यासारखी. ती आली होती कॅलिफोर्नियातल्या करिझो प्लेनच्या प्रकल्पातून. आर्को सोलर कंपनीने ऐंशीच्या दशकात तिथे त्या काळातला जगातला फार मोठा सौर प्रकल्प उभारला होता. जास्त ऊन मिळावं म्हणून पॅनेलांना आरसे जोडले, त्या उष्णतेने काचेखालचा थर करपला, उत्पादन घटलं आणि नव्वदच्या दशकात प्रकल्प मोडून पॅनेलं स्वस्तात विकली गेली. नवीन पॅनेल तेव्हा परवडणारं नव्हतं. सत्तरच्या दशकात वॅटला ७० डॉलरांच्या वर असलेला भाव तोवर बराच उतरला होता, तरी ५० वॅटच्या एका पॅनेलला शेकडो डॉलर पडत. आज १०० वॅटचं पॅनेल शंभर डॉलरांच्या आत मिळतं. १९५४ साली बेल लॅब्जमध्ये सिलिकॉनची पहिली कामाची सौरघटी बनली तेव्हा ती पडलेल्या उन्हापैकी ६ टक्क्यांची वीज करायची. आता छतावरची पॅनेलं वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत.

त्या आजोबांनीच ह्यांच्या हातात हायड्रोमीटर दिला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा आकडे लिहिलेला दांडा. बॅटरीच्या एकेका खान्यातलं पाणी ओढायचं आणि दांडा कुठवर तरंगतो ते बघायचं. १.२६५ म्हणजे पूर्ण भरलेली, १.१९ च्या आसपास म्हणजे निम्मी. "दिव्यांचं ऐकू नका, ॲसिडचं ऐका," असं ते म्हणायचे. त्यांच्याकडे एक वही होती. रोज सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी मावळल्यावर, सहा खान्यांचे सहा आकडे, ढग होते की नव्हते, फर्नेस चालली की नाही. ती वही बघून ह्यांनीही वही घातली. माझ्या मते आमच्या ट्रेलरची वीज त्या दिवशी सुधारली. पॅनेल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बसलं.

आता आमच्या छतावर ४०० वॅट आहेत आणि पलंगाखाली लिथियमच्या दोन बॅटऱ्या, मिळून २०० अँपिअर-तास, जवळजवळ सगळे वापरता येण्याजोगे. या लिथियम आयर्न फॉस्फेटचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, टेक्सास विद्यापीठातला. लेखक पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या आधीची दोन नावं आपल्याकडच्या वाचकांना माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं. जुनी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडायची, म्हणून तिची जागा बाहेर, ट्रेलरच्या दांडीवर, पावसापाण्यात. नवी गॅस सोडत नाही, वजनाला निम्मी आणि घरात राहते. तिला घरात ठेवायलाच हवं, कारण शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आतल्या पट्टीवर लिथियमचा धातू साचतो आणि ती कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतला इलेक्ट्रॉनिक पहारेकरी अशा थंडीत चार्जिंग थांबवतो. तिचा व्होल्टेजही शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो. त्यामुळे जुनी चार दिव्यांची पट्टी तिला जोडली तर संपत येईतो सगळं उत्तम असल्याचंच सांगेल. म्हणूनच शंट लागतो.

गाडीतून चार्जिंगचं चित्र तर उलटं झालं आहे. पूर्वी गाडीच्या अल्टरनेटरकडून वीज बॅटरीपर्यंत धड पोचायची नाही. आता लिथियम बॅटरी इतकी भुकेली असते की जाड तार जोडली तर अल्टरनेटर तापून जायची भीती. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवून त्या भुकेला लगाम घालावा लागतो.

फ्रिजबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. जुना फ्रिज अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनवर चालायचा. ज्वालेच्या उष्णतेने थंडी तयार करायची ही युक्ती प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांची, १९२२ ची. त्यात हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही. अट एकच, ट्रेलर समतल हवा, नाहीतर आतला द्रव अडकतो. तळावर पोचल्यावर अर्धा तास चाकांखाली फळ्या सरकवण्यात जायचा. फ्रिजवर स्पिरिट लेव्हल ठेवून मुलगा आतून ओरडायचा, "बाबा, अजून थोडं डावीकडे!" आताचा फ्रिज १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा. तो वाकड्या जमिनीवरही दही घट्ट ठेवतो, पण दिवसाला ६० च्या आसपास अँपिअर-तास घेतो. दिव्यांत वाचवलेलं आपण तिथे खर्च केलं आणि वर आणखी घातलं.

नव्या लोकांना मी हेच सांगत असते. उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या उन्हात सपाट पडलेली ४०० वॅटची पॅनेलं दिवसाला १२० ते १४० अँपिअर-तास देतात, डिसेंबरात निम्मे. फ्रिज, फर्नेस, दिवे, पंप आणि फोन यांचं त्यात छान भागतं. इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह पाच मिनिटं चालवला तर १२५-१४० अँपिअरची धार लागते, पण पाचच मिनिटं, म्हणून चालतं. छतावरचा एसी मात्र १,५०० वॅट घेतो. आमच्या दोन बॅटऱ्या त्याला दीड तास पुरतील. मुलीने तिच्या नव्या व्हॅनमध्ये आमच्या तिप्पट बॅटरी घातली आहे. प्रोपेनची टाकी नाहीच, स्वयंपाक इंडक्शनवर. तिथे मी तव्यावर भाकऱ्या केल्या. प्रत्येक भाकरीगणिक आकडा उतरताना ती बघत होती आणि शेवटची भाकरी झाल्यावर म्हणाली, "आई, आजीला हे दाखवायला हवं होतं. सहा भाकऱ्यांना फर्नेसच्या निम्म्या रात्रीएवढी वीज." तिला लहानपणीची ती रात्र आकड्यांत आठवते, याचा मला फार आनंद झाला.

एका बाबतीत मात्र आमच्या घरात अजून मतभेद आहे. पूर्वी तळावर शिरताना सगळ्यांच्या नजरा गर्द सावलीची जागा शोधायच्या. आता ह्यांना उघडा माळ लागतो, कारण पॅनेलमधल्या घटी एकापुढे एक ओळीत जोडलेल्या असतात आणि एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पॅनेलचं उत्पादन तिच्या मानाने कितीतरी जास्त घटतं. मी म्हणते, पाइनच्या झाडाखाली बसायला इतक्या उंचावर यायचं आणि ट्रेलर उन्हात उभा करायचा, हे काही खरं नाही. तोडगा निघाला तो असा : २०० वॅटचं एक घडीचं पॅनेल घेतलं, ते वीस-पंचवीस पावलांवर उन्हात मांडतो आणि ट्रेलर सावलीत राहतो. लांब तारेत व्होल्टेज पडू नये म्हणून चार्ज कंट्रोलर पॅनेलपाशी न ठेवता बॅटरीजवळ बसवला आणि पॅनेलचे दोन्ही भाग सिरीजमध्ये जोडले. धार बारीक, उंची जास्त, त्यामुळे तारेतली गळती थोडी. सकाळी पूर्वेला, जेवणानंतर पश्चिमेला, दिवसातून दोनदा ते वळवावं लागतं. पहिल्या वेळी ते मी वळवते, दुसऱ्या वेळी हे.